आखाजीचे मांडे आणि सालाचा हिशेब

(अमळनेर तालुक्यातील एका गावी, आखाजीच्या पंधरा दिवस आधी भरलेल्या महिला गटांच्या मेळाव्यात केलेले हे भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडा संक्षेप केला आहे.)



मेळाव्याच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'स्त्रियांचे श्रम' असा विषय छापला आहे. नाव मोठे आहे. पण सकाळपासून तुम्ही कर्जाचे हप्ते, व्याज आणि ऑडिट ऐकून कंटाळला आहात, आणि पंधरा दिवसांवर आखाजी आली आहे. तुमच्यातल्या निम्म्या जणींच्या डोक्यात आत्ता गहू ओलवायचे कधी, खापर तडकलेले तर नाही ना, लेकीला आणायला कोण जाणार, हेच चालले असेल. म्हणून मी मांड्यांवरच बोलणार आहे. श्रमांचा सगळा धडा त्या एका मांड्यात आहे, असे मला वाटते.

मांडे कसे करायचे हे या सभेत सांगणे म्हणजे विहिरीला पाणी दाखवणे. तरी मी ते सांगणार आहे. आपण हे काम इतक्या सवयीने करतो, की त्यात काय काय आहे हे मोठ्याने कधी म्हणतच नाही. आणि जे मोठ्याने म्हटले जात नाही, त्याची मोजदादही होत नाही.

गहू निवडायचे, धुवायचे, ओलसर ठेवून सुकवायचे. बारीक दळायचे. ते पीठ चाळणीने नाही, कपड्याने गाळायचे, कोंड्याचा कणही राहता कामा नये. मग मीठ घालून सैल भिजवायचे आणि मुरत ठेवायचे. मुरल्यावर तिंबायचे, आपटायचे, पाण्यातेलाचा हात लावत पुन्हा तिंबायचे. बोटाने ओढली तर तार सुटावी आणि तुटू नये, इतकी कणीक लवचिक व्हायला हवी. दुसरीकडे हरभऱ्याची डाळ शिजवायची, वरचे पाणी रशीसाठी काढून ठेवायचे, डाळीच्या बरोबरीने गूळ घालून पुरण आटवायचे, पाट्यावर गंधासारखे वाटायचे, वेलची-जायफळ घालायचे. आमच्या घरी किलोभर डाळीला किलोभर गूळ असे प्रमाण आणि त्यात पंधरा-सोळा मांडे. चूल लिपलेली, खापर पालथे घातलेले, खाली पऱ्हाट्यांचा जाळ एकसारखा. दोन पुऱ्यांमध्ये पुरण घालून कडा दाबायच्या, आणि मग पोळपाट नाही, लाटणे नाही. दोन्ही तळहातांवर, मनगटावर, कोपरापर्यंत खेळवत तो मांडा वाढवायचा. हातभर पसरला की उचलून खापरावर टाकायचा. अर्धा क्षण चुकला तर फाटतो, अर्धा क्षण उशीर झाला तर करपतो. उतरवला की रुमालासारखी घडी घालायची.

आता मला सांगा, हे काम शिकायला किती वर्षे लागतात? (सभेतून : "जलम जास!") हो, जन्म जातो. सुताराचे काम शिकायला चार वर्षे लागली तर त्याला आपण कारागीर म्हणतो. मांडे करणारीला काय म्हणतो? "हिच्या हाताला गुण आहे." गुण म्हटले की देवाने दिलेला. देवाने फुकट दिला, मग तिनेही फुकटच वाटायचा.

मी समाजकार्यात एम. ए. केले. शिकत असताना क्षेत्रकार्यासाठी आम्हाला एका गावात पाठवले होते. हातात कुटुंब पाहणीचा फॉर्म. नाव, वय, शिक्षण, व्यवसाय. मी घरोघर जाऊन विचारायची, "मावशी, तुम्ही काय काम करता?" त्या म्हणायच्या, "काही नाही, घरीच असते." मी लिहायची, व्यवसाय : काही नाही. एका दुपारी असेच लिहून घेत असताना समोरची बाई लेकीच्या बाळंतविड्याचे लाडू वळत होती, पायाने पाळणा हलवत होती आणि शेतातल्या मजुरांच्या भाकरीचे पीठ परातीत मळून ठेवलेले होते. मी मान वर न करता लिहिले, काही नाही. माझी मीच लिहिले. मला कुणी भाग पाडले नव्हते.

आणि ही चूक एकट्या विद्यार्थिनीची नाही. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांची गणती उत्पादक काम न करणाऱ्यांत, भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत केली होती. २०१० साली अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत नाराजी नोंदवली. जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा अशाच एका खटल्यात न्यायालयाने सांगितले की गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे आणि भरपाई देताना ते धरलेच पाहिजे. चांगले झाले. पण यातली गोम लक्षात घ्या. बाई अपघातात गेली तर तिच्या कामाचे मोल ठरते. जिवंत असताना कोण ठरवतो?

केंद्र सरकारने २०२४ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया रोज सरासरी २८९ मिनिटे बिनमोबदल्याच्या घरकामात घालवतात. जे पुरुष घरकामाला हात लावतात ते ८८ मिनिटे. म्हणजे आपले पावणेपाच तासांच्या वर, त्यांचे दीड तासाच्या आत. हा रोजचा, साध्या दिवसाचा हिशेब. सणाच्या दिवसाचा वेगळा.

तो मी एकदा घरी केला. आईला सांगितले नाही, नुसते घड्याळ बघून वहीत टिपत गेले. गहू निवडण्यापासून पीठ गाळण्यापर्यंत, दोन-तीन दिवसांत मिळून, साडेपाच तास. डाळ, पुरण, पाटा, तीन तास. कणीक भिजवणे आणि तिंबणे, दीड तास. चूल लिपणे, पऱ्हाट्या आणणे, खापर तयार करणे, एक तास. बावीस मांडे भाजणे, अडीच तास, वैशाखात, चुलीसमोर, बाहेर पारा त्रेचाळीसवर. रशी, भात, भजी, कुरडया तळणे, आमरस, अडीच तास. वाढणे दीड तास. भांडी आणि आवराआवर दीड तास. बेरीज एकोणीस तास. एका जेवणाचे. आईला वही दाखवली तर म्हणाली, "असं मोजलं तर सण गोड लागंल का?"

मला तिच्या बोलण्याचा राग आला नाही. खरेच आहे ते. मांडे करताना तिला आनंद होतो. मांडा हातावर फिरत मोठा होत जातो तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला आहे. आपल्या चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतात, हे सगळे ओझे आहे, टाकून द्या, बाजारातून आणा. मला ते पटत नाही. आखाजी हा आपल्या खान्देशात लेकीबाळींचा सण आहे. सासुरवाशीण माहेरी येते, गौराई मांडते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर गाणे रचले ते उगीच नाही. वर्षभर दबलेली बाई त्या दिवसांत मोकळा श्वास घेते. तो मोकळेपणा मला हवा आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की माहेरवाशिणीच्या झोक्याला जी दोरी बांधली आहे, तिचे दुसरे टोक कुणाच्या हातात आहे? तिची आई, तिची वहिनी चुलीपुढे असते. ही वहिनीही कुणाची तरी लेक आहे. तिचे माहेर कधी? आणि ओट्यावर काय चालू असते ते तुम्हीच सांगा. (सभेतून : "पत्ते!") पत्ते. आखाजीचा जुगार म्हणजे जणू परंपराच. वैशाखाच्या एकाच दुपारी घरात एकोणीस तास संपत आलेले असतात आणि ओट्यावर डाव रंगात आलेला असतो.

आता आखाजीची आणखी एक रीत आठवा. सालदाराचे साल आखाजीला ठरते. आता सालदार कमी झाले, पण रीत आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जुने साल संपते, नवे ठरते. चार माणसे बसतात. वर्षाचे इतके रुपये, इतके धान्य, इतके कपडे. घासाघीस होते, भांडणही होते. सालदाराला न्याय मिळतो असे मी म्हणत नाही; त्याच्या कर्जाच्या आणि उचलीच्या कथा वेगळ्या आहेत. आणि त्याच्या बायकोचे शेणपाणी त्या सालातच धरलेले मी लहानपणी पाहिले आहे. पण निदान एक गोष्ट होते. त्याचे काम हे काम आहे, त्याला दर आहे, आणि तो आधी बोलायचा असतो, हे सगळ्यांना मान्य असते.

त्याच दिवशी, त्याच गावात, दुसऱ्या घरच्या चुलीपुढे एक बाई चाळीस मांडे करत असते. तिचे काय ठरलेले असते? काही नाही. "खुशीनं द्या."

मला आता आमच्या मोठीमायबद्दल बोलायचे आहे. ती माझी सख्खी चुलती नाही, गावातली म्हणून मोठीमाय. नवरा लवकर वारला, शेत नाही, एक मुलगा. मांड्यांमध्ये तिच्यासारखा हात पंचक्रोशीत नाही. आखाजीच्या आधी दोन दिवस आणि आखाजीला पहाटेपासून तिला घरोघर बोलावणे असते. लग्नात असते, बारशाला असते. दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, भाजल्याचे बारीक बारीक डाग आहेत. मी फॉर्म घेऊन हिंडायची तेव्हा ती मला म्हणाली होती, "पोरी, हातले इस्तो समजस, कागदले नही." हाताला विस्तव कळतो, कागदाला नाही.

२०१९ च्या आखाजीला एका घरी मांडे करताना खापर तडकले. खापर जुने होते, तिने आधी सांगितलेही होते. तुकडा उडाला, ती सावरायला गेली आणि उजवा हात जळत्या चुलीत गेला. घरच्यांनी हळद लावली, मग दवाखान्यात नेले, पहिल्या दिवसाचे पैसेही दिले. वाईट माणसे नव्हती. पण महिनाभर तिला भाकरी थापता आली नाही आणि लग्नसराईची सगळी कामे गेली. कारखान्यात असे झाले असते तर कामावरचा अपघात म्हटले असते. इथे गावात काय म्हणाले? "म्हातारीचा हात सैल पडला आता." म्हणजे औषधाचा खर्च तिचा, बुडालेली मजुरी तिची आणि दोषही तिचाच. त्या दिवसाचा मोबदला होता एक साडी, चार मांडे आणि शंभर रुपये.

त्यानंतर दोन आखाज्या टाळेबंदीत गेल्या. २०२२ मध्ये आमच्या गटात पहिल्यांदा हा विषय निघाला, आणि निघाला तो वेगळ्याच वाटेने. त्या वर्षी आखाजी ३ मे ला होती. दुसऱ्याच दिवशी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा आमच्या गावात बंद. १७ मे ला राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. ही बातमी मी गटाच्या बैठकीत वाचून दाखवली. सगळ्या गप्प. मग मोठीमाय म्हणाली, "बांगड्यांचं जाऊ द्या. मले पहिला मांडा करू द्या."

मला समजायला वेळ लागला. तुम्हाला लगेच समजले असेल. ज्या घरी ती मांडे करायला जाते, तिथे पहिला मांडा ती करत नाही. पहिला नैवेद्याचा, पितरांच्या घागरीपुढे ठेवायचा. तो घरच्या सवाशिणीने करायचा. घरच्या बाईला तसा जमत नाही. फाटतो, जाड होतो, कसाबसा उतरतो. पण तो चालतो. पुढचे एकोणचाळीस मोठीमायचे. ते गावाच्या पोटात जातात, पाहुणे वाखाणतात. ज्या हाताचे एकोणचाळीस माणसांना चालतात, त्या हाताचा एक पितरांना चालत नाही. आणि आखाजीची घागर भरतात कुणासाठी? गेलेल्यांसाठी. तिचा नवराही गेलेलाच आहे. जन्मभर तिच्या हातचे खाल्लेल्या माणसाला मेल्यावर तिच्या हातचे वर्ज्य.

मैत्रिणींनो, मांड्यांची एक जुनी गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मुक्ताबाईला मांडे करायचे होते. आळंदीच्या विसोबा चाटीने कुंभारांना दम भरला, की या संन्याशाच्या पोरांना खापर द्यायचे नाही. ती हात हलवत परत आली. मग ज्ञानेश्वरांनी जठराग्नी पेटवला आणि मुक्ताबाईने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. पुढे तोच विसोबा शरण आला. आपण ही कथा चमत्कार म्हणून ऐकत आलो. मी गटात विचारले, तुम्हाला या कथेत काय दिसते? एक जण म्हणाली, "वाळीत टाकायचं तर बाईच्या चुलीपासून सुरुवात." दुसरी म्हणाली, "निदान भावानं पाठ तरी दिली. माझा भाऊ पऱ्हाट्या फोडून देत नाही." खूप हसलो आम्ही. हसून झाल्यावर मोठीमाय म्हणाली, "खापर नाही दिलं ते विसोबानं. मांडा नाही करू देत ते आपण." त्यावर कुणी हसले नाही. कारण तिला पहिला मांडा करू न देणाऱ्या घरांच्या मालकिणी तिथेच बसल्या होत्या. गटाच्या सभासद. त्यांतली एक माझी आई होती.

पुढच्या वर्षी, २०२३ ला, आम्ही गटात दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, मांडे करायला जाणाऱ्या चौघी जणींचा दर आधी सांगायचा : मांड्यामागे वीस रुपये, सामान घरच्यांचे, खापर तपासून घ्यायचे, आणि कामावर भाजले तर औषधाचा खर्च त्या घराने करायचा. हा दर सालदाराचे साल ठरते त्याच्या आधी सांगायचा. दुसरी, आपल्या गटातल्या बायांनी आपापल्या घरी पहिला मांडा कुणी करायचा हे नव्याने ठरवायचे.

आता काय झाले ते खरे सांगते, कारण अशा व्यासपीठांवरून आपण यशोगाथाच फार सांगतो. दराची बातमी पसरली आणि गावात कुजबुज सुरू झाली. "देवाच्या कामाचे पैसे ठरवायला लागल्या." गंमत बघा. शहरात प्रदर्शन भरते तेव्हा तिथे खापरावरच्या मांड्यांचा स्टॉल असतो, दराची पाटी लावलेली असते, लोक रांग लावतात, फोटो काढतात. तिथे कुणी म्हणत नाही की देवाचे काम आहे, फुकट द्या. गावातल्या ओळखीच्या बाईचे काम मात्र देवाचे. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायांचेही असेच होते. गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या त्या बायांना कुणी कामगार म्हणत नव्हते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे त्या धंदा करतात हे लोकांना दिसले. स्वयंपाक तोच होता.

त्या आखाजीला तीन घरांनी बोलावणे रद्द केले. दोन घरांनी दर कबूल केला आणि नंतर पाच मांड्यांचे पैसे कमी दिले. आणि सगळ्यात अवघड गोष्ट तर आम्ही आधी ओळखलीच नव्हती. पैसे देणारी कोण? तीही बाईच. तीस मांड्यांचे सहाशे रुपये. तिच्या हातात सहाशे नसतात. नवऱ्याकडे मागायला गेली तर तो म्हणतो, "आईनं कधी माणूस लावलं नाही, तुला कशाला लागतं?" ती मग मसाल्याच्या डब्यातले, अंड्यांचे, मुलाच्या फीसाठी बाजूला टाकलेले पैसे काढते. किंवा काढत नाही आणि मोठीमायशी घासाघीस करते. म्हणजे चुलीपुढे दोन बाया शंभर रुपयांसाठी एकमेकींशी कडू होतात आणि ओट्यावर एका डावात पाचशे जातात. आमच्या गटातली एक जण तर उघड म्हणाली, "तुमच्या दरानं माझाच संसार मोडायला निघाला." तिचे चुकले असे मला आजही म्हणता येत नाही. आम्ही दर ठरवला, पण तो कुणी द्यायचा यावर घरातल्या पुरुषांशी एकदाही बोललो नव्हतो. आम्ही सगळा हिशेब बायाबायांतच मांडला.

म्हणून २०२४ ला आम्ही उलट केले. आधी पाच घरांच्या ओट्यांवर गेलो. दुपारी, पत्ते चालू असताना नाही, सकाळी. म्हटले, दादा, सालदाराचे साल तुम्ही ठरवता, तुम्ही देता. मांड्यांची मजुरी हा सणाचा खर्च आहे, आंब्यांचा आणि गुळाचा असतो तसा. तो सणाच्या खर्चात धरा. दोघांनी हसून विषय टाळला. एक जण चिडला. दोघांनी ऐकले, आणि पैसे स्वतःच्या हाताने मोठीमायला दिले. पाचांत दोन. त्या वर्षी एका घरात मुलाने पाट्यावर पुरण वाटले. त्याची आजी दिवसभर बडबडत होती, पण पुरण गाठीशिवाय उतरले हेही तिनेच शेजारणीला सांगितले.

आणि पहिला मांडा? तो आमच्या घरापासून सुरू करायचा असे मी आईला म्हणत होते. आई दोन वर्षे "बघू" म्हणाली. मी तिच्याशी भांडले, व्याख्याने दिली. एम. ए. चे सगळे शिक्षण तिच्यावर आजमावले. तिने ऐकले नाही. मागच्या आखाजीला मोठीमाय आमच्याकडे पहाटे आली. खापर तापले होते. आईने रिवाजाप्रमाणे पहिली कणीक हातात घेतली, पुरण भरले, हातावर घेतली आणि थांबली. काय वाटले तिला, मी विचारले नाही. तिने ती तशीच मोठीमायच्या हातांवर ठेवली. मोठीमायने आईकडे पाहिले, मग घागरीकडे पाहिले, आणि मांडा फिरवायला घेतला. तिच्या हाताला त्या दिवशी किंचित कंप होता. मांडा एका कडेला फाटला. चाळीस वर्षांत तिचा मांडा फाटलेला मी पाहिला नव्हता, म्हणजे माझ्या आयुष्यभरात नाही. आई म्हणाली, "राहू दे, पितरांना चालतो." तोच फाटका मांडा घागरीपुढे ठेवला.

वडील काही बोलले नाहीत. चुलतकाका मात्र त्या दिवशी आमच्याकडे जेवले नाहीत. अजूनही आईशी नीट बोलत नाहीत. ही किंमत आई देते आहे, मी नाही. मी नोकरीच्या गावी राहते, ती त्या वाड्यात राहते. तुम्हाला बदल करा म्हणून सांगताना हे लपवणे बरोबर नाही.

तर मायबहिणींनो, आपल्याकडे पंधरा दिवस आहेत. मी तुम्हाला मांडे करू नका म्हणत नाही. भरपूर करा, मलाही बोलवा. फक्त आपल्या गटापुरती काही कामे करू या. मांडे करायला जाणाऱ्या बहिणींचा दर आणि भाजल्यास औषधाचा खर्च कुणाचा, हे या आठवड्यात ठरवा, आणि ते घरातल्या कर्त्या पुरुषांना त्यांच्या तोंडावर सांगा. चुलीपुढे बसणारीला तासाभराने उठवा, पाणी द्या, दुसरीने बसा. पऱ्हाट्या, पाणी, पाटा आणि भांडी ही चार कामे घरातल्या मुलग्यांकडे आणि पुरुषांकडे द्या. त्यांना कुठल्याच हातगुणाची गरज नाही. वहिनीला तिच्या माहेरी पाठवायचे दिवस आखाजीच्या आधीच ठरवा. आणि पहिल्या मांड्याचा विचार करा. घाईने नाही, दुसऱ्यावर लादून नाही. आपापल्या चुलीपुढे.

शेवटचे एक. आज बाहेर टेबलावर गटांची नवी नोंदवही ठेवली आहे. नाव, वय, शिक्षण, व्यवसाय. मघाशी मी ती चाळली. बहुतेकींनी व्यवसायाच्या रकान्यात रेघ मारली आहे. काहींनी 'घरकाम' लिहिले आहे. जाताना त्या टेबलापाशी थांबा. ज्यांना मांडे येतात त्यांनी रेघ खोडून तिथे 'मांडे कारागीर' असे लिहा. लिहिता येत नसेल तर मला सांगा, मी लिहून देते. मागे एकदा मी चुकीचे लिहिले होते.